चौपन्न अंशांवर मर्लचं गाणं

जिझानला आंबा पिकतो असं सांगितलं की गुहागरात लोक माझ्याकडे दयेने बघतात. सौदी म्हणजे वाळू, खजूर आणि तेल, एवढंच आपल्याला ठाऊक. पण नकाशात अगदी खाली, येमेनच्या शेजारी, तांबड्या समुद्राला लागून हा मुलूख आहे. तिथे आंबा, केळी, पपई पिकते आणि मोगरा फुलतो. मी स्वतः झाडाखाली उभी राहून हाताला चीक लावून घेऊन आले आहे. तो हापूस नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

मी गेले ती कामासाठी. माझा धाकटा भाऊ विजय तिथल्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. तापमान आणि दाब मोजणारी उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे तपासणं त्याचं काम. त्याची बायको मीनल एका हॉस्पिटलात नर्स आहे. विजयच्या ओळखीच्या एका अरब बागायतदाराने आंबे वाळवायला मोठा इलेक्ट्रिक ड्रायर आणवला होता. दोन हंगाम त्यातून एकतर करपलेले नाहीतर बुरसलेले तुकडे बाहेर पडत होते. विजयने त्याला सांगितलं, माझी बहीण बावीस वर्षं आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाची सोलं करून विकते. मग फोनावर फोन.

"ताई, दहा दिवस ये. त्यांना शिकव आणि जा. तुझा हंगाम सुरू व्हायला अजून महिना आहे."

ते खरं होतं. मी घरच्या युनिटची किल्ली बायकांकडे दिली, दोन किलो आंबापोळी बॅगेत घातली आणि निघाले.

जिझान

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. मला बरं वाटलं. कोरड्या उन्हाची भीती होती. ही तर आपल्या किनाऱ्यावरची मे महिन्याची चिकचिक. मीनलने एक काळा, पायघोळ सुती अबाया आणून ठेवला होता. "आता सक्ती नाही ताई, पण बाजारात बरा पडतो." त्याला दोन खोल खिसे होते. बायकांच्या कपड्याला खिसे देणाऱ्या कुठल्याही शिंप्याबद्दल मला आदर आहे. दहाही दिवस मी तो घातला.

पहिल्या दिवशी मासळीबाजार पाहिला. मोगऱ्याचे गजरे विकायला बसलेली माणसंही पाहिली. इथे पुरुषच गजरे विकतात, आणि डोंगरात राहणारे पुरुष तर फुलं डोक्याला बांधतातही. दुपारी मीनलने मरसा नावाचा पदार्थ मागवला. भाकरी पिकलेल्या केळ्यात कुस्करायची आणि वरून तूप आणि मध. आपल्या शिकरण-पोळीचा श्रीमंत चुलतभाऊ. दोन वाट्या खाऊन मी तीन तास झोपले. प्रवासवर्णनात झोपेबद्दल कोणी लिहीत नाही, पण मरसाचं वर्णन तिच्याशिवाय पुरं होत नाही.

वरचा मजला

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावर जेवायचं बोलावणं होतं. तिथे मीनलबरोबर काम करणारी पॉलीन राहते. ती जमैकाची, चाळिशी उलटलेली, माझ्यासारखीच भरभर चालणारी. आई गेल्यापासून तिने वडिलांना आपल्याकडे आणलं आहे.

"माझे वडील गायक होते," ती मला दारातच म्हणाली. "विचारलंत तर थांबणार नाहीत. न विचारलंत तर दुखावतील. बघा तुम्हीच."

मिस्टर ऑबरी ऐंशीच्या पुढचे, काटकुळे, घरातही इस्त्रीचा शर्ट. त्यांचं इंग्रजी पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं. ते शब्दांना झोका देतात. पण मी आंबापोळी पुढे केली आणि सूत जुळलं. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"आमच्याकडे एका आंब्याचं नाव बॉम्बे आहे," ते म्हणाले.

"मग तुमच्याकडे आमचाच माल आहे."

"शंभरेक वर्षं आमचाच आहे, मिस शैला. आता परत मिळणार नाही."

नीरफणस त्यांच्याकडेही आहे. ते तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात, आम्ही काप करून तळतो. कोणाचं बरोबर यावर आमचा अर्धा तास गेला. दोघंही मागे हटलो नाही.

त्यांची कहाणी पुढच्या काही दिवसांत तुकड्यातुकड्याने कळली. इथे सलग देते. सोळाव्या वर्षी किंग्स्टनच्या एका थिएटरात गाण्याची स्पर्धा जिंकली. मग दर रविवारी रेकॉर्ड काढणाऱ्या एका माणसाच्या अंगणात, इतर पन्नास मुलांबरोबर, आपला नंबर येईल म्हणून उन्हात उभं राहायचं. नंबर आला. तेव्हा तिथे स्का नावाचं संगीत जोरात होतं. भरपूर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि धावती लय. त्यांची दोन गाणी गाजली, ते इंग्लंडला जाऊन आले, थंडीने आजारी पडून परतले. पुढे ती लय हळूहळू मंदावली आणि तिचं रेगे झालं. "नाचणारे दमले म्हणून," असं ते म्हणतात. पॉलीन म्हणते, "हे दर वेळी वेगळं कारण सांगतात."

तोवर त्यांचं लग्न झालं होतं. बायको मर्ल शिवणकाम करायची. तिच्या शिवणाच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून यांनी स्टुडिओ काढला आणि स्वतः गाण्याऐवजी दुसऱ्यांची गाणी काढायला लागले. दहा वर्षं तो स्टुडिओ चालला. गाणं कितीही छान झालं तरी हे काचेआडून म्हणणार, "वन मोअर." आणखी एकदा. वादकांनी त्यांचं नावच ठेवलं, वन-मोअर ऑबरी. पुढे यंत्रावरचे ढोल आले, वादक लागेनासे झाले, स्टुडिओ बंद पडला. मग वीस वर्षं यांनी शाळेची बस चालवली. म्हातारपणी अचानक युरोपातून बोलावणी आली, आणि तिथली विशीतली पोरं यांची साठ वर्षांपूर्वीची गाणी तोंडपाठ म्हणत होती.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बसमधली मुलं जास्त चांगली गायची," ते म्हणाले.

जेवण झाल्यावर ते आत गेले आणि एक उशीचा अभ्रा घेऊन आले. अभ्र्यात टेपची दोन रिळं होती. एक त्यांच्या पहिल्या गाण्याचं. दुसरं मर्लचं.

मर्ल सगळ्यांच्या मागे गायची, कोरसमध्ये. पुढे उभी राहून एकटी गायली ती एकदाच, पॉलीन पोटात असताना. ते गाणं मिस्टर ऑबरींनी बाजारात आणलं नाही. आणखी एकदा घेऊ, मग काढू, असं म्हणत राहिले. मग बाळ झालं, मग स्टुडिओ गेला, मग मर्ल गेली.

"मी आईचं हे गाणं कधीच ऐकलेलं नाही," पॉलीन म्हणाली. आवाज सरळ ठेवून म्हणाली, नर्स म्हणतात तसा.

मी म्हटलं, मग लावा की. तर तिथेच अडचण होती. त्या काळातल्या काही टेपांचा लेप दमट हवेत ओल धरतो आणि चिकट होतो. मशीनवर लावली की टेप किंचाळते आणि लेप खरवडून निघतो, त्याबरोबर गाणंही. यावर उपाय एकच. टेप मंद उष्णतेवर आठ तास शेकायची. मग काही आठवडे ती नीट वाजते. पण घरच्या ओव्हनचा भरवसा नाही. दहा अंश इकडेतिकडे झाले की संपलं. त्या भीतीने मिस्टर ऑबरींनी तिला कधी हात लावला नव्हता. आणि जिझानच्या हवेत ती दिवसेंदिवस बिघडत होती.

"मिस शैला," त्यांनी मला विचारलं, "तुमचं ते आंब्याचं यंत्र चौपन्न अंश धरून ठेवतं का?"

मी म्हटलं, "अजून मी ते पाहिलेलं नाही. पाहून सांगते."

सब्याजवळची बाग

बाग शहरापासून पाऊण तासावर, सब्या गावाच्या पलीकडे. मालक अबू सालेम, म्हणजे सालेमचे बाबा. तिथे बापाला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आईलाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, थोरल्या मुलाचं नाव काय? मी निखिल सांगितलं, आणि त्या क्षणापासून मी उम्म निखिल झाले. आपल्याकडेही गावात "निखिलची आई" म्हणतात, पण त्यात जरा दुर्लक्ष असतं. इथे तोच मान होता.

ड्रायर चांगला होता, वापर वाईट. आंब्याच्या फोडी, पपई आणि पिकली केळी एकाच वेळी एकाच ट्रेत. मी दोन दिवस एकच वाक्य ओरडत होते, विजय त्याचं अरबी करत होता, आणि कामगार मान डोलावत होते: दोन वेगळे जिन्नस एका घाण्यात घालायचे नाहीत. दोघांना वेगवेगळी ऊब लागते.

शिवाय वरचा ट्रे जास्त तापत होता. मी हात घालून सांगितलं. विजयने कामावरून आपला थर्मामीटर आणून लावला.

"ताई, काटा पंचावन्न दाखवतोय आणि वर सदुसष्ट आहे."

"मी काल सांगितलं होतं."

"तुझ्या हाताला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का?"

"बावीस वर्षांचं आहे. तू शाळेत होतास तेव्हापासूनचं."

त्याने पंख्याची दिशा बदलली, काटा दुरुस्त केला, आणि मधल्या ट्रेला सलग पाच तास बरोबर चौपन्न अंश राहिले. मी पॉलीनला फोन केला.

टेप वाजवायचं मशीन कुठून आणायचं, हा दुसरा प्रश्न होता. तो अबू सालेमांच्या बैठकीत, म्हणजे मजलिसमध्ये, आपोआप सुटला. त्यांच्या वडिलांना ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवण्याचा नाद होता. कपाटावर कापडाने झाकलेलं रिळांचं जुनं मशीन होतं. घरगुती मशीनवर स्टुडिओची टेप चालेल का, असं मी फोनावर विचारलं. मिस्टर ऑबरी हसले. टेप पुरवून वापरायची म्हणून ते नेहमी निम्म्या वेगाने, छोट्या रिळावर रेकॉर्ड करत. त्या काटकसरीमुळे आता ती इथे वाजणार होती. विजयने मशीनचा रबरी पट्टा बदलला, आणि ते सुरू झालं.

त्या दिवशी जेवायला दगडी भांड्यात शिजवलेलं मटण होतं, मुघश. माझ्या आजोळी आमटीला अशीच दगडी होती. मी भांड्याला हात लावून बघत होते तर अबू सालेमांच्या बायकोला, उम्म सालेमना, वाटलं मला ते हवं आहे. निघताना त्यांनी ते धुऊन माझ्या हातात दिलं. सहा किलोचं. विमानात ते कसं आणलं हे मी सांगणार नाही.

आठ तास

सहाव्या दिवशी सकाळी सातला आम्ही बागेत होतो. मिस्टर ऑबरी सूट घालून आले होते. अबू सालेमांनी त्यांना कॉफीला बसवून घेतलं. ड्रायर मी आदल्या रात्रीच पुसून रिकामा तापवून घेतला होता, आत आंब्याची ओल राहायला नको म्हणून. पॉलीनने अभ्रा माझ्या हातात दिला. मी दोन्ही रिळं मधल्या ट्रेवर ठेवली, दार लावलं, घड्याळ बघितलं.

पाच मिनिटांनी एकदा दार उघडून बघायची मला सवय आहे. पोळी असली की तिचा एक कोपरा उचलून उजेडाला धरते; आत कच्ची असेल तिथे ढग दिसतो. हाताने तेच केलं. मर्लचं रीळ उजेडाला धरलं: काळं, आरपार काही दिसेना. दुसरं धरलं, आणि त्याच्या कडेतून ऊन आत आलं. मधासारखं, पातळ पोळीसारखं.

दोन वेगळे जिन्नस. आणि मी ते एका घाण्यात घातले होते.

मी ते रीळ हातात धरून मजलिसकडे जवळजवळ धावले. मिस्टर ऑबरींनी ते माझ्या हातात पाहिलं आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

"हेही आत होतं?"

"पाच मिनिटं. यंत्र नुकतंच तापत होतं. हे वेगळं आहे ना?"

"ती जुनी टेप. वेगळ्या जातीची. उष्णता लागली की पानासारखी वळते." त्यांनी रीळ दोन्ही हातांनी घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. "काही झालेलं नाही. चूक माझी. मी सांगायला हवं होतं."

"नाही," मी म्हटलं. "दोन दिवस मीच सगळ्यांना ओरडत होते."

"मग एकदा स्वतःलाही ओरडून घ्या, आणि इथे बसा."

मी ओरडून घेतलं, मनात. मग बसले, पण दर दोन तासांनी उठून मर्लचं रीळ पालथं करत होते. विजय थर्मामीटरवरचे आकडे वहीत लिहीत होता. दुपारी मिस्टर ऑबरींनी आंब्याच्या रिकाम्या क्रेटवर बोटांनी ताल धरला आणि मला समजावलं: सगळे जिथे टाळी वाजवतात तिथे आम्ही गप्प बसतो, आणि त्यानंतर वाजवतो. स्कामध्ये पळत, रेगेत सावकाश. मी प्रयत्न केला. माझी टाळी दर वेळी आधी पडली.

"तुम्ही थांबत नाही, मिस शैला."

"मला कामं असतात."

"मर्लसुद्धा असंच म्हणायची," ते म्हणाले, आणि क्रेटवर पुन्हा ताल धरला.

तीनला मी यंत्र बंद केलं. टेप लगेच बाहेर काढायची नव्हती. रात्रभर आतच सावकाश निवू द्यायची होती.

मजलिस

दुसऱ्या दिवशी पॉलीन आणि मीनल दोघींनी सुट्टी घेतली. मशीन बरोबर चालतं की नाही हे बघायला आधी जुनं रीळ लावलं. दहा सेकंदांत ते तुटलं. मिस्टर ऑबरींनी शांतपणे खिशातून ब्लेड काढलं, दोन्ही टोकं तिरकी कापली आणि चिकटपट्टीने जोडली. एरवी त्यांचे हात कापतात, कप बशीवर वाजतो. ब्लेड धरल्यावर कापले नाहीत.

मग सोळा वर्षांचा एक मुलगा गायला लागला. उंच आवाज, मागे ट्रम्पेट, सगळं धावत सुटलेलं. अबू सालेमांचा पाय हलायला लागला. उम्म सालेम दाराशी बसल्या होत्या. त्यांनी विजयला विचारलं, हा कोण? विजयने मिस्टर ऑबरींकडे बोट दाखवलं. त्यांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि हात तोंडावर नेला.

"फार ओरडतो," मिस्टर ऑबरी त्या मुलाबद्दल म्हणाले. पण ऐकलं त्यांनी शेवटपर्यंत.

मर्लची टेप लावायची तर ती लगेच उतरवूनही घ्यायला हवी होती. पण त्या जुन्या मशीनला विजयच्या जवळची एकही वायर बसेना. शेवटी ठरलं, फोन मशीनसमोर ठेवायचा आणि खोलीतच रेकॉर्ड करायचं. एसी बंद. पंखा बंद. खिडक्या बंद. कोणी बोलायचं नाही. जिझानमध्ये भर दुपारी. सात माणसं घामाने निथळत बसलो. विजय बटण दाबणार इतक्यात बांग झाली. अबू सालेम हात वर करून "थांबा" म्हणाले आणि नमाजाला गेले. त्यांच्या घरात, त्यांच्या मशीनवर. थांबणं भाग होतं आणि योग्यही. वीस मिनिटं. पॉलीनने वडिलांचा हात धरला होता. मला वाटलं ती त्यांना धीर देत असेल. नीट पाहिलं तर ती नाडी बघत होती.

अबू सालेम परत आले. "यल्ला," ते हळूच म्हणाले. म्हणजे चला.

टेप फिरली. किंचाळली नाही.

आधी नुसती खर्जातली गिटार, सावकाश. मग बाईचा आवाज. थोडा घोगरा, काहीच न सजवलेला, स्वयंपाकघरातून कोणी बोलावं तसा. गाणंही तसंच साधं. भात शिजला आहे, दिवा लावला आहे, उगाच रस्त्यात रेंगाळू नकोस. टाळी जिथे पडायला हवी तिथे ती थांबायची, आणि मग यायची. मी संगीतातली जाणकार नाही. पण माझ्या युनिटमध्ये बायका कामाच्या नादात, कोणी ऐकत नाही असं समजून गातात, तेव्हा मी आवाज न करता बाहेरच उभी राहते. तसंच वाटलं.

मिस्टर ऑबरींचे डोळे मिटलेले होते आणि बोटं गुडघ्यावर चालत होती. पॉलीन मशीनकडे एकटक बघत होती, जणू त्यातून कोणी बाहेर येणार आहे.

गाणं संपलं. टेप फिरतच होती. सरसर आवाज. मग लांबून, काचेआडून, तरुण पुरुषाचा आवाज आला: "वन मोअर, मर्ल."

आणि बाईचा आवाज, अगदी जवळ: "नाही म्हणजे नाही. मला भूक लागलीये, आणि हे बाळ लाथा मारतंय. आता तूच गा." मग ती हसली. मोठ्याने, घशातून, शेवटी एक उचकी.

आणि खोलीत पॉलीन हसली. तिला आवरलंच नाही. मोठ्याने, घशातून, शेवटी तीच उचकी.

टेप संपून टोक फटफट आपटायला लागलं. विजयने मशीन थांबवलं, फोन उचलला आणि काय आलंय ते कानाला लावून ऐकलं.

"सर, गाणं स्वच्छ आलंय," तो म्हणाला. "फक्त शेवटी यांचं हसणं आत आलंय. टेप चांगल्या स्थितीत आहे. पुन्हा एकदा लावू? हसण्याशिवाय घेऊ?"

सगळ्यांनी मिस्टर ऑबरींकडे बघितलं. पॉलीन डोळे पुसत म्हणाली, "सॉरी, डॅडी. लावू दे त्यांना. वन मोअर."

त्यांनी डोळे उघडले. लेकीकडे बघितलं, मग मशीनकडे.

"नको," ते म्हणाले. "हेच राहू दे."

मी उठून एसी लावला.